सदाशिवभाऊंचा बिनकपाळाचा ट्रक

आमच्या तांडापेठेतल्या गल्लीत कोणी नवी सायकल घेतली, की पूजा होईपर्यंत ती मधल्या खोलीत लपवून ठेवत. चोराची भीती नव्हती. भीती होती ती माझ्या समोरच राहणाऱ्या सदाशिवभाऊ नंदनवारांची. सायकल एकदा त्यांच्या नजरेस पडली, की संपलं. खिशातून पांढऱ्या सुताची गुंडी निघायची, वीतभर लांबीचे दोरे तुटायचे आणि हँडलला, दांडीला, मडगार्डला, सीटच्या मागे जागोजागी बांधले जायचे. मग मालकाला हुकूम सुटायचा, "चालव." तो बिचारा चालवायचा आणि सदाशिवभाऊ लेंगा वर खोचून, कमरेत वाकून शेजारून धावायचे. त्यांची नजर दोऱ्यांवरून हलायची नाही.

"दोरा चिकटून राह्यला त हवा खूश," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "फडफडला त हवा नाराज. नाराज हवा गाडीले मांगं वढते, बाई. तुमी शाळेत पोट्ट्यायले काय शिकवता कोन जाने."

मी शाळेत पोट्ट्यांना बेरजा आणि मुळाक्षरं शिकवत होते. हवेच्या मनःस्थितीबद्दल आमच्या पुस्तकात काही नव्हतं.

आमच्या ह्यांनी नवी स्कूटर घेतली तेव्हा तीही सुटली नाही. सोडायचे राहिलेले दोरे तसेच फडकवत हे ऑफिसला गेले. तिथे साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की कुठल्या देवाला नवस बोललात आणि तो बदलीसाठी चालतो का.

सदाशिवभाऊंना कशाचंही कारण विचारा, उत्तर ठरलेलं असायचं, "मले काहून विचारता? हवेले विचारा." ते माणसांकडेही हवेच्या बाजूनेच बघत. आमच्या ह्यांच्या टकलाचं त्यांना फार कौतुक होतं, कारण त्यावरून हवा 'विना तक्रार' जाते. माझ्या नाकाला त्यांनी 'कामाचं नाक' असा शेरा दिला होता. मी तो प्रशंसा म्हणून घ्यायचं ठरवलं. एका वरातीत सगळे नवरदेवाकडे बघत होते आणि सदाशिवभाऊ घोड्याच्या कपाळाकडे. बँड थांबला तेवढ्यात त्यांचा हात खिशातल्या सुताकडे जाताना मी स्वतः पाहिला, आणि त्यांची बायको वत्सलाबाई हिने तो तिथेच धरला.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. सदाशिवभाऊ ट्रकच्या बॉडी बांधत. त्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या मध्यात, कारखान्यातून ट्रक अर्धवटच यायचा. पुढे इंजिन, खाली चाकं आणि वर मोकळं आकाश. जमशेदपूरहून असल्या उघड्या सांगाड्यावर फळकुट टाकून, तोंडाला गमछा गुंडाळून ड्रायव्हर लोक तो नागपुरात आणत. याला चासी म्हणायचं. मग तिच्यावर केबिन, मागच्या-बाजूच्या फळ्यांचे फाळके, रंग, फुलं, मोर आणि शेरोशायरी चढवणारे ते बॉडीवाले. कामठी रोडवर त्यांची रांगच होती. सदाशिवभाऊंचा कारखाना त्या रांगेत शेवटी, एका बाभळीखाली होता. वर टिनं होती, पण दुपारी सावली मात्र बाभळीचीच पडायची.

पण त्यांचं घराणं विणकरांचं. वडिलांचा माग उमरेडला होता, मग नागपुरात आला, मग बंद पडला. माग गेला तरी सवयी कुठे जातात? बाकीचे बॉडीवाले खडूने जमिनीवर रेघा मारून ट्रक बांधत. सदाशिवभाऊ वडिलांचा धोटा खिशात घेऊन हिंडत. मागावर इकडून तिकडे पळणारा, दोन्ही तोंडांना निमुळता असा तो लाकडी धोटा ते गिऱ्हाइकापुढे धरत आणि म्हणत, "ट्रक असा पायजे. हे पाहा, सुतातून जाते पन सुताले कळत नाही." गिऱ्हाईक धोटा उलटासुलटा करून परत द्यायचं आणि चौकोनी ट्रक बांधून घ्यायचं.

वत्सलाबाईंबद्दल सांगायला हवं. गोरी, ठेंगणी, कामाला वाघीण, आणि एकाच गोष्टीत हरलेली. त्यांना गाडी लागायची. लागायची म्हणजे आपल्याला लागते तशी नाही. एसटी स्टँडच्या वासानेच त्यांना भोवळ यायची. त्यांचं माहेर उमरेडचं, म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही. पण बसमध्ये बसल्या की दिघोरी यायच्या आत कंडक्टर हात जोडायचा आणि त्या रस्त्याच्या कडेला उतरून परत यायच्या. इतवारीहून उमरेडला छोट्या लाइनची आगगाडी जायची. तिच्या धुराने तर बसच बरी म्हणायची वेळ आली. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. भावाचा छकडा होता तोवर त्या बैलांच्या जिवावर माहेरी गेल्या. भावाने छकडा विकला आणि माहेर बंद झालं.

मग त्यांची आईच इकडे यायची. पण म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तिचंही येणं थांबलं. एक दिवस उमरेडहून लुगडी घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर निरोप आला. वत्सलाबाई माझ्या ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या तेव्हाच आला. तो माणूस म्हणाला, "बुढी म्हनते का बा, अजून थोडं थोडं दिसून राह्यलं. येशील त आता ये. मंग आली त आवाजच आयकू येईन, तोंड काही दिसनार नाही."

वत्सलाबाईंच्या हातात मेथीची काडी-पानं एकत्र झाली आणि ती जुडी मला पुन्हा निवडावी लागली. सदाशिवभाऊ समोर खाटेवर बसून धोट्याला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांचा राग आला होता. एवढा निरोप ऐकून माणसाने निदान तेल लावणं तरी थांबवावं.

त्याच सुमारास त्यांना भाऊराव लांजेवार भेटले. हे संत्र्याचे व्यापारी, कळमेश्वरकडच्या बागांतला माल लांबलांबच्या बाजारात पाठवायचे. संत्रं थांबत नाही. शेजारच्या व्यापाऱ्याचा ट्रक आधी पोचला की भाव त्याला मिळतो आणि आपल्या पेट्या तळाशी ओल्या होतात. भाऊरावांनी नवी चासी घेतली होती आणि त्यांना सगळ्यांच्या पुढे पळणारी बॉडी हवी होती. सदाशिवभाऊंनी धोटा काढला. अख्ख्या नागपुरात धोटा बघून 'हो' म्हणणारा पहिला माणूस भाऊराव.

आणि मग आमच्या गल्लीत ट्रक उभा राहिला. सुताचा.

आमच्याकडे विणकर लोक गल्लीतच ताणा लावतात. या टोकाला बांबू, त्या टोकाला बांबू, आणि मध्ये लांबच लांब सूत ताणलेलं. सदाशिवभाऊंनी त्याच रीतीने बांबू रोवले आणि खऱ्या मापाचा पूर्ण ट्रक दोऱ्यांनी हवेत काढला. नाक त्यांच्या ओट्याजवळ, केबिन नळाच्या समोर आणि मागचा डावा दिवा माझ्या खिडकीच्या गजाला बांधलेला. गल्लीतून जाणाऱ्या माणसाला ट्रकमधूनच जावं लागे. बायका घागर घेऊन केबिनच्या दारातून शिरत आणि फाळक्यातून बाहेर पडत. दूधवाला रोज इंजिनात सायकल उभी करायचा. सदाशिवभाऊ लांब उभे राहून एक डोळा मिटून बघत आणि घागर घेतलेल्या एखादीला ओरडत, "कमला वं, थांब तिथंच, डोकं हलवू नको. छत अजून जरा खाली घ्या लागते."

एका संध्याकाळी एक गाय मागून शिरली आणि पुढून निघाली. ट्रकचं नाक तिच्या शिंगांवर गेलं. सगळे हळहळले. सदाशिवभाऊ मात्र गाईच्या शिंगावरून लोंबणाऱ्या सुताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हाच बाक पायजे होता." त्यांनी गाईला पोळी दिली आणि नाक पुन्हा तसंच बांधलं.

माप झालं, काम कामठी रोडवर सुरू झालं. शाळा सुटली की मी कधीकधी वत्सलाबाईंनी दिलेला डबा पोचवायला जात असे. ट्रक दिवसेंदिवस विचित्र होत होता. पुढे पत्र्याचं लांब उतरतं नाक, काच मागे झुकलेली, छत गोल, चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेला बाजूने पत्रे. भाऊरावांचा ड्रायव्हर रामधन, उत्तरेकडचा, रोज येऊन बघायचा आणि हनुवटी खाजवायचा. "उस्ताद," तो म्हणाला, "ये गाड़ी है कि मछली?"

चाचणीसाठी पत्र्यावर शेकडो पांढरे दोरे बांधलेले. रस्त्याने जाणाऱ्या बायकांना वाटलं हे कुठलं तरी जागृत ठिकाण आहे. एक दिवस बघते तर पांढऱ्या दोऱ्यांत एक लाल दोरा, आणि चाकाशी अर्धा नारळ. कारागीर हसायला लागले. सदाशिवभाऊ वैतागले, लाल दोऱ्याचं वजन वेगळं असतं म्हणाले, सोडायला गेले आणि मग हात मागे घेतला. "राहू द्या. कोनाचं काय अडलं असन कोन जाने." तो लाल दोरा शेवटपर्यंत राहिला.

मला काही गोष्टी मात्र खटकत. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या डावीकडे जी बसायची जागा असते, तिच्यावर त्यांची नको इतकी मेहनत चालली होती. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला त्यांनी जाड गोधडी शिवून लावली. खालच्या फटी कापसाने बुजवल्या. काचेखाली बारीक जाळीची एक खिडकी ठेवली, तिच्यातून बाहेरचं वारं सरळ त्या जागेवर यायचं. दाराखाली एक जादा पायरी लावली, तीही बुटकी. आणि दोरे सगळे बाहेर असताना, आत त्या जागेसमोर छताला एकच पांढरा दोरा टांगलेला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"हवेले विचारा," ते म्हणाले आणि रंधा चालवायला लागले.

बॉडी पुरी झाली आणि भाऊराव बघायला आले. एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि ट्रकसमोर उभे राहिले. चेहरा पडत गेला.

"सदाशिवभाऊ," ते म्हणाले, "याचं कपाळ कुठी हाय?"

आता ट्रकला कपाळ असतंच. काचेच्या वर जी आडवी फळी असते, जिच्यावर देवाचं नाव, मालकाचं नाव, दोन बाजूंना दोन झेंडे. भाऊराव कोराडीच्या देवीचे भक्त. फळीवर 'जय जगदंबा' लिहून घ्यायला त्यांनी पेंटरसुद्धा बघून ठेवला होता. आणि इथे नाकापासून छतापर्यंत नुसती घसरगुंडी.

"पाटी लावली त हवा अडते," सदाशिवभाऊ म्हणाले.

"देवी हवेले आडवी येते?"

"देवी नाही येत. पाटी येते."

"मंग देवीनं बसावं कुठी? कुंकू कुठी लावू मी? बिनाकपाळाची गाडी घेऊन गेलो त घरचे मले उभं करनार नाहीत."

शब्दाला शब्द वाढला. शेवटी भाऊरावांनी सांगून टाकलं, की पाटी लागत नसेल तर सोमवारी ही केबिन उतरवायची आणि चारचौघांसारखी चौकोनी बांधायची. गोधडी, जाळी, नाक, काही नको. मला वाटलं आता सदाशिवभाऊ धोटा फेकून मारतात. हवेच्या बाबतीत हा माणूस बापाचंही ऐकणारा नव्हता. पण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"सोमवारी तुमी म्हनान तसं. पन रविवारी एक ट्रायल द्या. उमरेडपर्यंत."

"उमरेडले काहून? कन्हानपर्यंत जाऊ, जवळ पडते."

"कन्हानच्या रस्त्यानं हवा सोपी हाय. उमरेड रोडची हवा खरी."

भाऊराव कबूल झाले. जाताना सदाशिवभाऊ मला म्हणाले, "बाई, रविवारी तुमी बी चाला. तुमी असल्या त बरं." साक्षीला कामाच्या नाकाची बाई बरी, असं काहीतरी त्यांच्या मनात असेल असं मी धरून चालले.

रविवारी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. शेजारी वत्सलाबाई येऊन उभ्या राहिल्या. मला पोचवायला आल्या असतील म्हणावं, तर अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात कापडी पिशवी आणि मुठीत लिंबू. चेहरा परीक्षेला बसणाऱ्या मुलीचा. मी काही विचारणार तोच ट्रक आला. सदाशिवभाऊ खाली उतरले आणि डावीकडचं दार उघडलं. ती बुटकी पायरी लुगडं नेसलेल्या बाईच्या पायाला बरोबर येत होती.

"चढ वं."

"मी नाही बाप्पा. लोकायची नवी गाडी, अन् खराब झाली त?"

"खराब झाली त चूक हवेची. तू चढ."

आत बसलेल्या भाऊरावांनी डोळे मोठे केले. "ट्रायलले बाया?"

"केबिनमंदी वजन पायजे नं," सदाशिवभाऊ म्हणाले. कोणाचं वजन ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी चढले.

वत्सलाबाई त्या जागेवर बसल्या, मी त्यांच्या बाजूला, भाऊराव मागच्या फळीवर. सदाशिवभाऊ पुढच्या कोपऱ्यात, रस्त्याकडे पाठ करून. ट्रक निघाला. वत्सलाबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि लिंबू नाकाशी धरलं. रामधन दर दोन मिनिटांनी तिरक्या नजरेने बघत होता. भाऊरावांनी आपलं धोतर आवरून मांडीखाली घेतलं होतं.

सक्करदरा गेलं. दिघोरी आलं. वत्सलाबाईंना नेहमी याच्या आतच उतरावं लागायचं. जाळीतून सकाळचं गार वारं येत होतं, त्याला ना डिझेलचा वास ना इंजिनाची झळ. दिघोरी मागे पडलं.

बऱ्याच वेळाने वत्सलाबाईंनी एक डोळा उघडला. "बाई, पाचगाव यायचं हाय काय?"

"गेलं पाचगाव."

त्यांनी दुसरा डोळा उघडला. "मंग हे आंब्याचं झाड कोनतं वं? मी त हा रस्ता कधी पाह्यलाच नाही. माही मान सदा खालीच." आणि त्या बघायला लागल्या. विहिरी, बाभळी, कापसाची शेतं, शेळ्या. लिंबू मांडीवर आलं आणि तिथेच विसरलं गेलं.

पुढे एक एसटी चालली होती. रामधनने ट्रक बाजूला काढला आणि तिला मागे टाकलं. भाऊराव फळीवरून उठलेच. "वा रे पठ्ठ्या. सदाशिवभाऊ, पयते न गा मस्त. जाऊ द्या ते कपाळ. देवीले मी आतमंदी बसवतो, तिलेबी गार वारा लागन. अन् बाहेरचे दोरे काय म्हनून राह्यले?"

सदाशिवभाऊंनी ऐकलंच नाही. जिंकले होते ते, पण त्यांना पत्ताच नव्हता. बाहेरच्या शेकडो दोऱ्यांकडे त्यांनी निघाल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं. ते आतल्या त्या एकाच दोऱ्याकडे बघत होते. तो वत्सलाबाईंच्या तोंडासमोर किंचित कलला होता आणि अजिबात फडफडत नव्हता. त्याच्या पलीकडे वत्सलाबाई शेळ्या मोजत होत्या. हा माणूस एवढे दिवस कोणासाठी हवेच्या मागे लागला होता, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी धोट्याला तेल लावणाऱ्या या माणसावर मी रागावले होते ते आठवलं, आणि माझे डोळे भरून आले. भाऊरावांनी विचारलं तेव्हा मी त्याचा दोष हवेला दिला.

उमरेडला ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला. म्हातारी दारातच होती. वत्सलाबाई उतरल्या, स्वतःच्या पायांनी, आणि चालत गेल्या. म्हातारीने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं आणि आपलं तोंड अगदी जवळ नेलं.

"दिसून राह्यली वं," म्हातारी म्हणाली. "जाडी झाली."

मग तिने विचारलं, "कशानं आली?"

"ह्यायच्या गाडीनं."

तशी म्हातारी आत गेली आणि कुंकवाची वाटी घेऊन आली. जिने लेक आणली ती गाडी पुजायला नको? एका हाताने वत्सलाबाईंना धरून ती ट्रकसमोर आली आणि कुंकवाचं बोट पुढे करून पत्रा चाचपायला लागली. हात नाकावरून वर सरके आणि घसरून परत खाली येई.

"जावईबुवा," ती म्हणाली, "हात जाते तिथवर नाकच लागून राह्यलं. याचं कपाळ कुठी हाय?"

भाऊरावांनी सदाशिवभाऊंकडे पाहिलं. सदाशिवभाऊ ट्रककडे बघत राहिले. त्या घसरत्या पत्र्याकडे, त्या बाकाकडे, ज्याच्यासाठी त्यांनी गाईला पोळी दिली होती. मग पुढे होऊन त्यांनी सासूचा हात धरला आणि बोट नाकाच्या शेंड्यावर टेकवलं.

"सध्या इथं लावा, आई," ते म्हणाले. "कपाळ राह्यलं हाय. सोमवारी लावतो."

"अन् हवा?" भाऊरावांनी विचारलं.

"हवेले मी समजावतो," सदाशिवभाऊ म्हणाले, आणि वत्सलाबाईंची पिशवी उचलून सासूच्या घरात शिरले.